हाताला हात लागेपर्यंत

मा. मंत्रिमहोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र राज्य, यांसी,



शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जोडारी (फिटर) या व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून 31 वर्षे चाकरी करून मी काही काळापूर्वी निवृत्त झालो. चाकरीत असताना वरिष्ठांस जे काही कळवावयाचे ते योग्य मार्गाने, म्हणजे गटनिदेशकांकडून प्राचार्यांकडे आणि प्राचार्यांकडून वरच्या कचेरीकडे, अशा पायऱ्यापायऱ्यांनी पाठवावे असा शिरस्ता होता आणि तो मी निष्ठेने पाळला. त्या वाटेने गेलेली माझी कित्येक मागणीपत्रे ‘तरतूद नाही’ एवढा शेरा घेऊन परत आली आणि मी ती फायलीस लावून ठेवली. आज मला कोणाच्या परवानगीची गरज राहिलेली नाही, आणि जे सांगावयाचे आहे ते आपल्याप्रमाणेच, ज्यांची मुले या संस्थांत शिकतात त्या आईबापांच्याही कानी जावे अशी माझी इच्छा आहे, म्हणून हे पत्र मी उघड लिहीत आहे.

निमित्त असे की, देशातील 1,000 शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची सुधारणा करण्यासाठी केंद्र सरकारने 2025 च्या मे महिन्यात 60,000 कोटी रुपयांची योजना मंजूर केली असून तीत 30,000 कोटींचा भार केंद्राने, 20,000 कोटींचा राज्यांनी आणि 10,000 कोटींचा उद्योगांनी उचलावयाचा आहे. ज्या राज्यात चारशेहून अधिक शासकीय संस्था आहेत त्या महाराष्ट्राकडे या रकमेतील काही भाग येणार हे उघड आहे, आणि एवढा पैसा आमच्या खात्याच्या दारी एकदम आल्याचे माझ्या तरी स्मरणात नाही. तो कसा खर्चावा याविषयी आपणांस सल्ला देणारे विद्वान पुष्कळ असतील. परंतु ज्याने आयुष्यभर शेगड्यापाशी, म्हणजे व्हाइसपाशी, उभे राहून मुलांच्या हातात कानस दिली त्याचेही म्हणणे एकदा ऐकून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. ते म्हणणे एवढेच की, या पैशातला पहिला रुपया शिकविणाऱ्या माणसावर आणि दुसरा मुलाच्या शेगड्यात बांधावयाच्या लोखंडावर खर्च व्हावा. इमारत, संगणकाची खोली, नवी यंत्रे आणि प्रवेशद्वारावरची कमान यांची पाळी त्यानंतर यावी.

असे मी का म्हणतो ते समजण्यासाठी आपणांस क्षणभर माझ्याबरोबर कार्यशाळेत यावे लागेल. जोडारीच्या मुलाचे पहिले काम म्हणजे लोखंडी पट्टीचा एक तुकडा कानशीने घासून सपाट करणे आणि त्याच्या कडा एकमेकींशी काटकोनात आणणे. ऐकावयास हे काम पोरखेळाचे वाटते. पण ज्याने कधी कानस धरलेली नाही अशा सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने ती पुढे ढकलली की सुरुवातीला तिची मूठ खाली जाते आणि शेवटाला टोक खाली जाते, कानस पाळण्यासारखी झुलते, आणि जो पृष्ठभाग सपाट व्हावयाचा तो मधे फुगून दोन्ही कडांना उतरता होतो. मग त्यावर गुण्या ठेवून तो उजेडासमोर धरावयाचा. गुण्याची पाती आणि लोखंड यांच्यामधून दोन्ही बाजूंनी प्रकाशाची रेघ दिसते आणि मूल हिरमुसते. पुन्हा घासले तर रेघ वाढते, जोर केला तर आणखी वाढते, तळहाताला फोड येतात, आणि साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी, हे आपल्याच्याने व्हावयाचे नाही, असे त्या मुलाच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येते.

त्या दिवशी निदेशकाने काय करावयाचे? फळ्यावर आकृती काढून दाबाचा नियम समजावून सांगता येतो. तो मी दरवर्षी सांगत असे आणि मुले तो वहीत उतरूनही घेत. त्याने कोणाची रेघ कधी गेली नाही. त्या दिवशी मुलाच्या पाठीमागे उभे राहावे लागते, त्याचा डावा पाय थोडा पुढे सरकवून द्यावा लागतो, आणि त्याच्या दोन्ही हातांवर आपले दोन्ही हात ठेवून, त्याच्या हातातली कानस आपण ढकलावी लागते, म्हणजे पुढे जाताना डाव्या तळव्यावरचा भार कसा हलके हलके उजव्या हाताकडे येतो आणि मागे येताना कानस लोखंडावर कशी नुसती तरंगत येते, हे त्याला कानाने किंवा डोळ्याने न कळता त्याच्या मनगटाला कळते. पाच-सात वेळा असे केले की मी हळूच हात काढून घेत असे, आणि पुष्कळदा मुलाच्या ते ध्यानातही येत नसे. कानशीचा आवाज पालटतो. खरवडल्यासारखा चाललेला आवाज लांब आणि एकसुरी होतो. तो आवाज पालटला की, पाठ फिरवून दुसऱ्या शेगड्याकडे जात असतानाही, हा मुलगा आता तरला असे मला कळत असे.

मंत्रिमहोदय, कौशल्य या शब्दाचा मला ठाऊक असलेला अर्थ एवढाच आहे. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि जाण्यासाठी त्याला दोन गोष्टी लागतात : ज्याला येते असा माणूस मुलाच्या जवळ असावा लागतो, आणि मुलाने बिघडवावे एवढे लोखंड त्याच्यापाशी असावे लागते. ‘बिघडवावे’ हा शब्द मी विचारपूर्वक योजला आहे. ज्या मुलाला सहामाहीत एकच तुकडा मिळतो तो मुलगा भिऊन घासतो, आणि भिऊन घासणारा हात कधी सुटत नाही. माझ्या चाकरीच्या उत्तरार्धात अशी वर्षे आली की, वीसजणांच्या तुकडीला मिळालेली पट्टी कापून वाटून देताना मला तुकडे मापापेक्षा आखूड करावे लागले. आदल्या वर्षीच्या मुलांनी केलेले जॉब भंगारातून परत काढून त्यांच्या दुसऱ्या बाजू आम्ही घासावयास दिल्या. कानशींचे दात बोथट झाले होते आणि त्यांत कीस अडकू नये म्हणून चोळावयाचा खडू मी वर्गाच्या फळ्याखालून उचलून आणीत असे. लेथवर तर पाच मुलांत एक काम करी आणि चौघे बघत उभे राहत. दोन वर्षांची मुदत काम करणाऱ्याची आणि बघणाऱ्याची सारखीच भरे आणि प्रमाणपत्रही सारखेच मिळे. परंतु कारखान्याच्या दाराशी पहिल्या दिवशी यंत्रापुढे उभे केल्यावर कोणी काम केले होते आणि कोणी पाहिले होते, हे तेथल्या फोरमनला एका तासात कळते.

मागे 2007-08 च्या सुमारास केंद्राने 1,396 शासकीय संस्थांसाठी उद्योगांच्या भागीदारीची योजना आणली, तीत दर संस्थेस अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज मिळाले. त्या पैशाने पुष्कळ ठिकाणी चांगलेही झाले असेल. मी ज्या एका संस्थेत त्यानंतर बदलून गेलो तेथे कार्यशाळेच्या कोपऱ्यात संगणकाने चालणारे एक नवे लेथ यंत्र ताडपत्रीखाली झाकून ठेवलेले होते. ते यंत्र विकत घेण्याची तरतूद झाली होती; परंतु त्यास लागणाऱ्या वीजजोडणीची मंजुरी कित्येक महिने आली नाही, आणि ती आली तेव्हा यंत्र चालविण्याचे शिक्षण घेतलेले एकुलते एक निदेशक बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेले. दर सोमवारी त्या यंत्रावरची धूळ झाडण्याचे काम मुलांकडे असे. ती मुले ताडपत्री उचलून आत डोकावत, त्याच्या बटणांवरून नुसते बोट फिरवीत, आणि पुन्हा ताडपत्री घालून आपापल्या शेगड्याकडे परतत. त्यांच्या त्या पाहण्याची आठवण झाली की आजही मन खिन्न होते, कारण यात कोणी एका माणसाने लबाडी केली असे म्हणण्यास जागा नव्हती. यंत्राचा विचार झाला होता, माणसाचा झाला नव्हता, इतकेच.

माणसाचा विचार म्हणजे काय, तेही स्पष्टच सांगतो. माझ्या निवृत्तीने रिकामी झालेली जागा त्यानंतर कित्येक महिने तशीच राहिली आणि संधात्याच्या व्यवसायाचे निदेशक आपली तुकडी सांभाळून माझीही पाहत होते. त्यांचा हात वेल्डिंगमध्ये सोन्यासारखा, पण जोडारीच्या मुलाच्या पाठीमागे उभे राहण्यास त्यांना वेळ कोठून मिळावा? पुढे त्या जागेवर एक तरुण तासिका तत्त्वावर नेमला गेला. तो माझाच विद्यार्थी. मुंबईत चुनाभट्टीला जाऊन निदेशकाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेला, हाताचा नेमका आणि स्वभावाने शांत; परंतु त्याला मोबदला मिळे तो घेतलेल्या तासांचा, सुटीत काही नाही, पुढच्या वर्षी बोलावणे येईल की नाही याची शाश्वती नाही. दोन वर्षे त्याने कळ काढली आणि मग लग्न ठरण्याच्या वेळी एका कारखान्यात कंत्राटी कामावर तो निघून गेला. त्याला मी दोष देऊ शकलो नाही. आपण स्वतः उद्या येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने दुसऱ्याच्या मुलाचा हात घडविण्यात जीव ओतावा अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

या प्रश्नाकडे फार पूर्वी एका मोठ्या माणसाचे लक्ष गेले होते. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी खेड्यांतील शाळांविषयी लिहिताना वाचन, लेखन, हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान मुलांना द्यावे असे सुचविले. आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, शिक्षक हे होता होईल तो शेतकरी वर्गातून तयार करावेत, जे प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास लाजणार नाहीत, आणि त्यांचे वेतन वाढवावे, असा आग्रह धरला. अभ्यासक्रम, अनुदान यांचाही ऊहापोह त्या निवेदनात आहे. परंतु शिकविणाऱ्याच्या हाताकडे बोट दाखविणारा हा भाग मी प्रथम वाचला तेव्हा, आमच्याच कार्यशाळेच्या दारात उभे राहून कोणी हे बोलले आहे असे मला वाटले. त्या गोष्टीस आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली.

नांगराची मूठ धरण्याची लाज हा शब्दप्रयोग जोतीरावांनी उगीच केला नव्हता. ज्या समाजात हाताने काम करणाऱ्याची जात ठरली आणि जातीवरून त्याच्या पुढ्यात पडणारे बलुते ठरले, त्या समाजात लोहाराच्या भट्टीपुढचा घाम आणि कारकुनाच्या दौतीतली शाई यांची किंमत कधी एक झाली नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने या बाबतीत जे केले आहे त्याची कोणी फारशी नोंद घेतलेली नाही, म्हणून ती येथे करतो. 1950 साली शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली तेव्हापासून या कार्यशाळांत लोहाराचा, पाटलाचा, मातंगाचा, ब्राह्मणाचा आणि मोमिनाचा मुलगा एका रांगेतल्या शेगड्यांवर एकच तुकडा घासत उभे राहिले आहेत, आणि कोणाचा गुण्या उजेड दाखवितो व कोणाचा दाखवीत नाही यापलीकडे त्यांच्यात भेद करण्याचे साधन आमच्यापाशी नव्हते. अलीकडे मुलीही येतात. जोडारीस येणाऱ्या अजून थोड्या आहेत, पण माझ्या शेवटच्या तुकडीतील दोन मुलींची मापे मुलांपेक्षा काटेकोर उतरत.

तरीही प्रवेशाच्या दिवशी मुलाबरोबर आलेली आई मला विचारी, “सर, ह्याच्यात नोकरी लागंल का, का नुसतं लोखंडच घासायचं?” आणि त्या प्रश्नात तिची काहीच चूक नसे. तिने आजूबाजूला पाहिलेले असे की, ज्याच्या पायाखाली सरकारी नोकरीची फरशी आली त्याचेच घर उभे राहिले. म्हणूनच पदविका आणि प्रमाणपत्रे घेतलेले तरुण पहाटे चार वाजता गावाबाहेरच्या रस्त्यावर भरतीसाठी धावताना दिसतात. 2024 च्या पोलीस भरतीत 17,000 हून थोड्या अधिक जागांसाठी 17 लाखांवर अर्ज आले. या तरुणांना कष्ट नकोत असे म्हणणाऱ्यांनी ती पहाटेची धाव एकदा पाहावी. कष्टाला ते भीत नाहीत. कष्ट करून घेऊन उद्या दारातून परत पाठविले जाण्याला भितात.

माझ्या मनात घर करून राहिलेला एक मुलगा मराठवाड्यातला आहे. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि बैलगाडी किंवा ट्रॅक्टरने कारखान्याकडे निघावयाचे, हा त्यांचा दरसालचा नेम. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे एक कोयता म्हणतात, आणि घरातले पोर हाताशी आले की उचलीचा आकडा वाढतो. हा मुलगा शिकावयास राहिला म्हणजे घराने तेवढ्या पैशावर पाणी सोडले. त्याच्या मोबदल्यात संस्था त्याला काय देत होती? विद्यावेतन दरमहा 40 रुपये. ही रक्कम कित्येक दशके तेवढीच राहिली होती, आणि ती अलीकडे आपल्या खात्याने 500 रुपये केली याबद्दल मी आपले मनःपूर्वक आभार मानतो. परंतु ज्या वर्षांची ही गोष्ट आहे त्या वर्षी त्या 40 रुपयांत त्याचा गावापासून संस्थेपर्यंतचा एका दिवसाचा जाण्यायेण्याचा खर्चही जेमतेम भागे. तो दुपारी डबा उघडत नसे. पाणी पिऊन येतो म्हणून जाई आणि पाण्याच्या टाकीमागे बसून राही, हे मला दोन महिन्यांनी कळले. ज्या मुलाच्या पोटात काही नाही त्याची कानस झुलणारच, यात त्याच्या कौशल्याचा दोष काय? मग आम्ही काही निदेशकांनी मिळून संस्थेजवळच्या खाणावळीत त्याची व आणखी दोघांची व्यवस्था लावली. त्याची रेघ पौष महिन्यात गेली. गुण्या उजेडापुढे धरून तो बराच वेळ तसाच उभा राहिला, आणि मग बोलावल्याशिवाय माझ्याकडे येऊन त्याने तो तुकडा माझ्या हातात ठेवला. आज तो वाळूजच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आहे आणि त्याच्या घरातून कोयता गेला आहे.

पण सगळ्यांचेच असे होत नाही, कारण संस्थेतून बाहेर पडल्यावर मूल ज्या उंबरठ्यावर उभे राहते तो उंबरठा कारखानदाराचा असतो. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा यासाठीच झाला. त्यान्वये आज तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि 2016 च्या राष्ट्रीय योजनेने तर त्यांच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा 1,500 रुपयांच्या मर्यादेत, सरकारने सोसण्याची तजवीज केली. कायदा उमेदवाराला कामगार मानीत नाही, शिकणारा मानतो. म्हणूनच पुढे नोकरी देण्याचे बंधन मालकावर घातलेले नाही. तत्त्वतः यात गैर काही नाही. परंतु शिकणारा मानून त्याला शिकविले नाही तर उरते काय? माझे तीन विद्यार्थी एका मोठ्या शहराजवळच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागले आणि वर्षभर त्यांनी तयार मालाचे खोके पट्ट्यांनी बांधून गाडीत चढविले; ज्या यंत्राचे शिक्षण त्यांना द्यावयाचे होते त्याची नोंदवही महिनाअखेरीस कोणी दुसऱ्यानेच भरलेली असे आणि यांनी तिच्यावर सही करावयाची. वर्ष संपले, प्रमाणपत्र मिळाले, आणि त्यांच्या जागी नवे तिघे आले. त्यांपैकी एकजण मला भेटावयास आला तेव्हा त्याने आपले हात पुढे केले आणि म्हणाला, “सर, कानस धरून वर्ष झालं.” त्याच्या तळहातावर घट्टे होते, पण ते खोक्यांच्या पट्ट्यांचे.

याउलट कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी, जेथे दहा-बारा माणसांच्या खोल्यांतून इंजिनांचे आणि पंपांचे सुटे भाग तयार होतात, तेथे मी अशीही मालकमाणसे पाहिली आहेत, जी स्वतः उमेदवारीतून वर आलेली असून नव्या पोराला पहिल्या दिवशी झाडू आणि दुसऱ्या महिन्यात मायक्रोमीटर देतात, चुकले तर ओरडतात, आणि संध्याकाळी थांबवून घेऊन तेच काम त्याच्याकडून पुन्हा करवितात. यांच्याकडे नोंदवही नीट नसते, कागदपत्रांची त्यांना धास्ती वाटते, आणि त्यामुळे सरकारी योजनांचा लाभ घेण्यास ती धजावत नाहीत. ज्यांना शिकविण्याची हातोटी आहे त्यांच्यापर्यंत पैसा जात नाही आणि ज्यांच्याकडे पैसा जातो त्यांना शिकविण्याची निकड नाही. ही विसंगती दूर करणे आपल्या खात्याच्या आवाक्यातले आहे, कारण त्यासाठी नवा कायदा नको, फक्त प्रत्येक तालुक्यात अशा लहान मालकांची कागदपत्रे बसून करून देणारा एक माणूस हवा.

अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांविषयी मला फार लिहावयाचे नाही. दीडशे ते तीनशे तासांत काही कामे खरोखर शिकता येतात आणि ज्याला पोटाची घाई आहे त्याला दोन वर्षे थांब म्हणणे योग्य नव्हे. परंतु एवढ्या तासांत मिळालेला दाखला आणि दोन वर्षे घासलेला हात हे एकाच तक्त्यात ‘प्रशिक्षित’ या एकाच रकान्यात मोजले जातात, आणि तो रकाना फुगला की काम झाले असे सर्वांस वाटते, हे मात्र खटकते. 2024 साली आपल्या राज्याने युवकांना 6,000 ते 10,000 रुपये विद्यावेतन देऊन कचेऱ्यांत आणि आस्थापनांत काम शिकविण्याची योजना सुरू केली. तिची मुदत संपल्यावर त्या प्रत्येक तरुणाचे दोन वर्षांनी काय झाले, तो कोठे आहे, किती मिळवितो, हे नावनिशीवार लिहून ठेवणारे दफ्तर खात्यात असावे. दाखला देण्याच्या दिवशी केलेली मोजदाद ही पेरणीच्या दिवशी काढलेल्या आणेवारीसारखी आहे.

पैसा थोडा असतानाही माणसामुळे काय होते, याचे दाखले आपल्याच मुलखात आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे कारखानदार होण्यापूर्वी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. 1910 साली औंध संस्थानातील ओसाड माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. तेथला कारखाना एका शिक्षकाने काढलेला होता, ही गोष्ट त्याचे गोडवे गाताना आपण विसरतो. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला, तोही पावसाच्या छायेतल्या कोरड्या गावात. मोठ्या उद्योगातील संशोधनाची नोकरी सोडून ते तेथे जाऊन राहिले आणि शाळा सुटलेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती हे सारे गावाची खरी कामे करता करता शिकवीत राहिले. तेथील मुले गावाला लागणारी वस्तू बनवीत, गाव ती विकत घेई, आणि वस्तू मोडली तर गावकरी त्याच मुलाच्या दारात येऊन उभा राही. यापेक्षा कडक परीक्षा कोणत्या मंडळाने घेतली आहे? दोन्ही ठिकाणी जाणता माणूस मुलांच्या जवळ राहिला, आणि आमच्या संस्थांतून आज तोच हळूहळू नाहीसा होत आहे.

म्हणून माझे मागणे पुन्हा सांगतो. नव्या योजनेतील पैसा खर्ची पडण्यापूर्वी राज्यातील शिल्प निदेशकांच्या मंजूर जागा मुदत घालून भराव्यात. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या, प्रशिक्षण घेतलेल्या तरुणांची प्रत्यक्ष काम करवून घेऊन परीक्षा घ्यावी आणि जे उतरतील त्यांना कायम करावे. प्रत्येक निदेशकाला चार वर्षांतून काही महिने चालू कारखान्यात काम करण्यास धाडावे, म्हणजे यंत्र येण्याआधी ते चालविणारा हात तयार असेल. आणि कच्च्या मालाचे अनुदान लोखंडाच्या भावाबरोबर वाढेल अशी व्यवस्था करावी. शिवाय जमल्यास आपण ऑगस्टमध्ये नव्या तुकड्या सुरू होतात त्या पहिल्या पंधरवड्यात, आगाऊ वर्दी न देता, एखाद्या दूरच्या तालुक्याच्या संस्थेत सकाळी आठ वाजता यावे, रांगेतल्या शेवटच्या शेगड्यापाशी उभे राहावे, आणि तेथल्या मुलाला एवढेच विचारावे की, आजवर त्याला किती तुकडे मिळाले आणि त्याच्या हाताला कोणाचा हात लागला का.

या पत्रासोबत माझ्या चाकरीच्या शेवटच्या वर्षीच्या मागणीपत्राची प्रत जोडली आहे. तीत 300 मिलिमीटर लांबीच्या बास्टर्ड कानशी 20, 250 मिलिमीटरच्या सेकंड कट 20, कानशीच्या लाकडी मुठी 40, गुण्या 10, लोखंडी पट्टी दर मुलास सहा तुकडे पडतील एवढी, आणि खडूचा एक खोका, अशा बाबी आहेत. खाली डाव्या बाजूस तो जुना शेरा आहे. उजव्या बाजूस सहीपुरती जागा अजून मोकळी आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक (जोडारी)